जीएमएल म्हणजे काय

अल कुसैस, दुबई
शुक्रवार, ७ मे २००४

प्रिय नीलेश,

हे ‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होतो. पण सात वर्षं माझ्या प्रत्येक कागदावरची खोडाखोड बघून तू तोंड वाकडं केलंस, त्याची धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून राहू दे. परवा दोनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत ठेवून दिला. फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हां, बरोबर आहे’ म्हणत राहतो, हे आपलं ठरलेलं. आज मला बोलायचं आहे. आणि मराठीत बोलायचं आहे, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर पाठवण्याआधी ते तुझ्याकडूनच तपासून घ्यावं लागलं असतं.

आधी साइटची बातमी सांगतो, कारण ती तूच पाठवलीस. गेल्या शनिवारी सकाळी सहाला खैरुद्दीन ऑफिसातून पिकअपमध्ये फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. वर कंपनीचा शिक्का, खाली ‘डेली जीएमएल रिपोर्ट’, आणि तळाशी तुझी सही, नावापुढे एम.एस्सी. इंजिनिअरिंग मॅनेजमेंट, प्लॅनिंग मॅनेजर. जीएमएल म्हणजे ग्रॉस मटेरियल लॉस, असं कंसात छापलेलं. प्रत्येक फोरमनने आपल्या मजल्याचा जीएमएल रोज संध्याकाळी टक्क्यांत भरून द्यायचा. सगळे फोरमन फॉर्म घेऊन माझ्याभोवती गोळा झाले. आपल्या सुरेशने तर विचारलं, ‘साहेब, हा कुठला नवीन आजार आला?’ मी हसलो. खरंच हसलो. ऑफिसवाल्यांना एसीत बसून काहीतरी सुचतं म्हटलं, आणि त्यांना नीट समजावून दिलं. पहिला फॉर्म भरून दाखवला तो मी, माझ्या हाताने. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही, इतका मी बैल.

सोमवारी विद्यापीठाची मेल आली. मी जानेवारीत पाठवलेला प्रबंध आणि मागच्या वर्षी मंजूर झालेला एक प्रबंध त्यांच्या नव्या तपासणीत जुळले. तक्ते जुळले, आकडे जुळले, वाक्यंच्या वाक्यं जुळली. मागच्या वर्षीचा तो प्रबंध तुझा. तुझा दहा महिने आधी पोचला म्हणून तो मूळ, माझा नंतर आला म्हणून ती नक्कल. तेरा मेपर्यंत लेखी खुलासा द्या, नाही पटला तर नाव कायमचं काढून टाकू, असं लिहिलंय. म्हणजे नोकरी सांभाळून सव्वादोन वर्षं घासली, ती पदवी आता मिळणार नाही. मिळणार काय, तर चोर म्हणून शेरा. ती मेल मी साइट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वाचली. शेजारी स्टोअरकीपर चहा पीत बसला होता. मी स्क्रीन बंद केली आणि उन्हात जाऊन उभा राहिलो. डोक्यात अशी तिडीक गेली होती, की त्या वेळी तू समोर असतास तर काय झालं असतं ते मला आजही सांगता येत नाही.

ही टूम काढली कुणी? तूच ना? २००१च्या ऑक्टोबरात, या खोलीत, या पलंगावर बसून. ‘भाऊ, नुसत्या बी.ई.ला इथे कोण विचारतं? मास्टर्स कर, नाहीतर लाइफटाइम साइटवरच राहशील.’ माझ्याकडे तर बी.ई.सुद्धा नव्हती. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आणि पुढे नोकरी करता करता नापास होत होत पास झालेली, बी.ई.च्या बरोबरीची म्हणतात ती एएमआयई. तू म्हणालास चालते, फॉर्म मी भरतो. भरलास. बर दुबईच्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून आपण दोघांनी मिळून तो जुना पीसी आणला आणि वाळू जाऊ नये म्हणून त्याच्यावर प्रज्ञाने आमच्या लग्नातली दिलेली चादर घातली. शुक्रवारी सकाळी नाश्ता झाला की इंटरनेटचं कार्ड खरवडायचं, मोडेम किंचाळायचा, आणि जुम्म्याच्या बांगेपर्यंत एकदा तू आणि एकदा मी, असं पाळीपाळीने बसायचं. बाकीचे सहा दिवस मी पहाटे सव्वापाचच्या बसमध्ये छापील पानं वाचायचो. साइट येईपर्यंत पानांवर घामाचे डाग पडलेले असायचे. बारा तास उभं राहून आल्यावर ‘लीडरशिप’वर दोन हजार शब्द लिहिणं काय असतं हे तुला माहीत आहे, कारण तूही लिहिलेस. एवढं मी तुझ्याकडून काढून घेणार नाही. ‘प्रोफेशनल एथिक्स’च्या पेपरात तर तुला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. मार्कशीट अजून माझ्या फायलीत आहे. सोमवारी मुद्दाम काढून बघितली.

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकून तू हसला होतास तेही आठवतंय. गिलाव्याच्या कामात माल वाया किती जातो! ‘भाऊ, हा काय टॉपिक आहे? मी प्रोक्युअरमेंट घेतोय, त्याला मार्केट आहे.’ मी माझ्या हट्टाला पेटलो. अकरा महिने रोज संध्याकाळी पाचला काम सुटायच्या आधी प्रत्येक मजल्यावर पडलेला माल झाडून गोळा करायला लावला आणि घमेल्याने मोजला. सगळी पोरं मला वेडा म्हणायची. एका घमेल्यात किती मावतं ते काढायला दीड लिटरच्या पाण्याच्या बाटल्या ओतून बघितल्या. काठोकाठ नऊ बाटल्या, साडेतेरा लिटर. आणि संध्याकाळी डायरीत लिहायचो. साइट डायरीचा तो शेवटचा रकाना अरुंद असतो, त्यात ‘ghamela’ मावत नाही. पहिल्या साइटपासून मी त्यात तीनच अक्षरं लिहीत आलोय. जी, एम, एल.

आता कळलं का जीएमएल म्हणजे काय?

घमेलं, नीलेश. घमेलं! तुझ्या फॉर्मवर मोठ्या अक्षरांत जे छापलंय, ज्याची मीटिंग घेऊन तू साहेबांसमोर स्लाइड दाखवलीस म्हणे, ते घमेलं आहे. चौथ्या मजल्यावर बेचाळीस घमेली, पाचव्यावर साडेसदतीस घमेली. साडेसदतीस लॉस म्हणजे काय असतं रे? आकड्यांपुढे एकक काय आहे एवढं तरी बघायचंस. एम.एस्सी. झालास ना? आणि विचारायचंस की! चोरताना तरी विचारायचंस. एक फोन केला असतास, ‘भाऊ, ते जीएमएल काय आहे तुझं’, तर मी गावाकडून, सुतकातसुद्धा, सांगितलं असतं. संशयसुद्धा आला नसता मला.

सुतक. आता तेही लिहितो. जानेवारी २००३. बाप गेल्याचं कळलं तेव्हा प्रबंध झाला होता. पूर्ण झाला होता. फक्त संक्षेपांच्या यादीचं एक पान राहिलं होतं, कुठली अक्षरं कशासाठी, त्याचं. तीन फ्लॉप्या त्या निळ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या, डबा तुझ्या हातात दिला. मुदतवाढीची मेल टाक म्हणालो, धूळ लागू देऊ नकोस म्हणालो. तू विमानतळावर सोडलंस. तिकीटही तूच धावपळ करून काढलंस. मला मिठी मारलीस तेव्हा तुझेही डोळे भरले होते, ते मी बघितलंय, आणि ते खोटे होते असं मला आजही म्हणता येत नाही. तेच तर सहन होत नाही. सरळ हरामखोर असतास तर बरं झालं असतं.

माझ्या बापाला तू कधी बघितलं नाहीस. केरू त्याचं नाव. धरणाच्या कामावर त्याने पंधरा वर्षं घमेली वाहिली. मुकादम खेपा कमी लावायचा, म्हणून बाप एका खेपेला एक असे खडे सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि संध्याकाळी मुकादमासमोर ओतायचा. मोजायचं मी तिथे शिकलो, पॉलिटेक्निकात नाही. गावी पोचलो, अंघोळ घालायला मीच होतो. डोक्यावर चुंबळ ठेवायची ती जागा गोल, गुळगुळीत, तिथे केसच नव्हते. जन्मभर बघितलेलं, पण हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा. आई म्हणाली, तेवढी जागा नीट धू. मी तिकडे ते करत होतो आणि तू इकडे माझ्या खोलीत, माझ्या चादरीखालचा पीसी काढून, त्याची घमेली एकेक करून आपल्या नावावर उतरवून घेत होतास. दिवसाचा हिशेब मी नाही लावत बसलो. पण महिना तोच होता ना?

मी तेवीस दिवसांनी परत आलो. डबा जागेवर होता. धूळसुद्धा नव्हती. इथे टॉवरचं हँडओव्हर अंगावर आलं, माझी मुदत एकदा वाढली, परत वाढली. मार्चमध्ये तू तुझा प्रबंध पाठवलास. वाचायला दे म्हणालो तर म्हणालास, ‘अरे रटाळ आहे, तू आपलं तुझं पूर्ण कर.’ तुझा गाइड वेगळा, माझा वेगळा, कुणाला कळणार? जुलैत पदवी आली. मी स्वतः मिठाईच्या दुकानात रांग लावून पेढे आणले आणि या बिल्डिंगीच्या तीन मजल्यांवर वाटले. केरळी, पठाण, सगळ्यांना सांगत फिरलो, माझा दोस्त मास्टर्स झाला. तू पेढा खाताना माझ्याकडे बघत नव्हतास, तेव्हा वाटलं लाजतोय. सप्टेंबरात प्रमोशन, तुझ्या समिधाचा व्हिसा, अल मनखूलला फ्लॅट. सामान खैरुद्दीनच्या पिकअपमध्ये मीच चढवलं. पीसी तू मला ठेवून गेलास. मोठ्या मनाने!

आणि आता गंमत ऐक. विद्यापीठाने दोन्ही प्रबंध समोर ठेवलेत. सगळं सारखं, फरक एकाच पानाचा, त्या राहिलेल्या पानाचा. तुझ्यात लिहिलंय, जीएमएल म्हणजे ग्रॉस मटेरियल लॉस. माझ्यात लिहिलंय, घमेलं, म्हणजे बांधकामावर माल वाहायचं लोखंडी पात्र. त्यांच्या चौकशी समितीतल्या एका बाईंनी मेलमध्ये काय लिहावं? की दुसऱ्या विद्यार्थ्याने नक्कल लपवण्यासाठी मूळ सुसंगत शब्द बदलून एक निरर्थक शब्द घातलेला दिसतो. निरर्थक! माझ्या बापाने टक्कल पडेपर्यंत जे वाहिलं, मी अकरा महिने ज्याने मोजलं, ते निरर्थक, आणि तू जे एका दुपारी अंदाजाने ठोकून दिलंस ते सुसंगत. ते वाक्य मी खैरुद्दीनला मराठीत करून सांगितलं. तो हर्णैचा माणूस, पंचवीस वर्षं इथे गाडी चालवतोय, कॉलेज त्याने बाहेरून पाहिलंय. तो म्हणाला, ‘भाई, येऊन बघ म्हणावं त्या बाईला, घमेला टोपीसारखा घालतो डोक्यावर.’ मग मला हसू आलं आणि हसता हसता भलतंच व्हायला लागलं, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली.

तुझे माझ्यावर उपकार नाहीत असं मी म्हणत नाही. मला टायपिंग तू शिकवलंस. माझी पहिली असाइनमेंट बघून ‘भाऊ, आर्टिकल्स कुठे गेले सगळे’ म्हणत चार वेळा तू परत लिहून घेतलीस, म्हणून मी पास झालो. समिधा सुट्टीवर यायची तेव्हा माझा डबा वेगळा भरायची. हे सगळं मी सोमवारपासून रोज स्वतःला सांगतो. बसमध्ये सांगतो, लिफ्टपाशी उभा राहून सांगतो. आणि प्रत्येक वेळी शेवटी याच्यावरच येतो, की तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं. अर्धं नाव तुझं घाल म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं मी, तू मला ओळखतोस. तुला मागायचंच नव्हतं. साइटवरच्या माणसाकडून मागायचं कसं, नाही का? त्याच्याकडून घ्यायचं असतं.

बुधवारी तुझा लिफाफा मिळाला. आत टाइप केलेला कागद, की सर्व माहिती आम्ही दोघांनी मिळून, परस्परसंमतीने गोळा केली. खाली सहीसाठी पेन्सिलीने फुली, आणि पिवळी चिठ्ठी: ‘भाऊ, इथे फक्त साइन कर, मॅटर खलास. प्लीज. समिधाला सातवा महिना आहे.’ माझ्या दारापर्यंत यायलासुद्धा तुला झालं नाही. ड्रायव्हरच्या हाती पाठवलंस, आणि अजून जन्माला न आलेल्या लेकराला पुढे केलंस. तुझी पदवी गेली तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर व्हिसा, आणि समिधाला तशा अवस्थेत विमानात बसावं लागेल, हे मला कळत नाही असं वाटलं तुला? चार दिवस मी दुसरा विचार केलेला नाही. पण मिळून? त्या अकरा महिन्यांत एका संध्याकाळी तू त्या मजल्यांवर आला होतास का? घमेलं कुठल्या हाताने धरतात ते तुला माहीत आहे का? कागद याच लिफाफ्यात परत घातलाय. फुलीवर काही लिहिलेलं नाही.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगतो. माझा खुलासा तयार आहे. टेबलावर पाकिटात आहे, सोबत १९९६पासूनच्या आठ साइट डायऱ्यांच्या झेरॉक्स, प्रत्येक पानाच्या शेवटच्या रकान्यात जीएमएल, तू दुबईत पाय ठेवायच्या आधीपासून. घमेल्याचा फोटोही आहे, बाजूला नऊ बाटल्या मांडून. तो पोचला की तुझं काही उरत नाही, तुझ्या फॉर्मवरचं एम.एस्सी.सुद्धा नाही. पण त्यांच्या मेलच्या शेवटी एक ओळ आहे, तुझ्याही मेलमध्ये असणारच, घाबरून तू तिथपर्यंत वाचली नसशील. चौकशीत सिद्ध झालं तर पदवी रद्द. पण जो आपणहून, सिद्ध व्हायच्या आधी कबूल करेल, त्याला एकदाच, नव्या विषयावर, पुन्हा लिहिता येईल. आपणहून, नीलेश. मी आधी पाठवलं तर ते ‘आपणहून’ राहणार नाही, म्हणून सोमवारपासून ते पाकीट मी उरावर घेऊन बसलोय आणि स्वतःला शिव्या घालतोय. गुरुवारी दुपारी बाराला ते माझ्या हातून जाईल, तू लिहिलेलं असो वा नसो. तू लिहिलंस तर त्या लेकराचा बाप नापास झालेला असेल, चोर नसेल. पुन्हा लिहायची वेळ आली तर कॉम्प्युटरपाशी बसू नकोस, साइटवर ये. सव्वापाचची बस तुला माहीत आहे. खैरुद्दीनच्या पिकअपमध्ये हे पत्र ज्याच्यात ठेवून पाठवलंय ते ठेवून घे, ते तुझ्यासाठीच आहे, कोरं आहे, सिमेंट लागलेलं नाही. विषय मी सांगणार नाही, इंग्रजी तुझं तुला येतं, आणि उचलायचंही तूच.

गुरुवारी दुपारी बारापर्यंत तुझाच,
रामेश्वर